वर्ण, वर्ग की पार्ट?

विरारमध्ये आमच्या इमारतीत कॉलेजची पाच मुले रविवारी दुपारी एका घरी जमतात. टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा असतो. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होऊन बोलतात, आणि जिथे यश-अपयश संशयाचे असते तिथे फासा टाकतात. मी काही रविवार कोपऱ्यात बसून हा खेळ पाहिला, नंतर नियमपुस्तकही वाचायला मागून घेतले. मुलांची भाषा मराठी-इंग्रजी मिसळीची, पण 'क्लास' हा शब्द मात्र सगळे इंग्रजीतच उच्चारत. मी एकीला विचारले, याला मराठीत काय म्हणशील? ती म्हणाली, "काका, जातच की. पण तसं म्हणायला बरं नाही वाटत."

हा लेख त्या उत्तरातून निघाला आहे. तिला जे बरे वाटले नाही ते नेमके काय?

हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यात तीनच क्लास होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. चौथा, म्हणजे चोर, 1975 च्या पुरवणीत आला. प्रत्येकाला काही देणे आणि काही मनाई. योद्ध्याला मंत्र म्हणता येत नाही. मांत्रिकाला चिलखत चालत नाही आणि शस्त्र म्हणून फक्त खंजीर. पुरोहिताला धार असलेले शस्त्र वर्ज्य. हे बंधन कशासाठी, तर संतुलनासाठी. कोणत्याही एका पात्राने सगळा खेळ खाऊन टाकू नये, ही त्यामागची भूमिका. मांत्रिकाला सुरुवातीला दिवसाला एकच मंत्र आणि अंगात जीव थोडा. पण पुढे तोच सर्वांत प्रबळ होतो. दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला 2,000 अनुभवगुण लागत, मांत्रिकाला 2,500 आणि पुरोहिताला 1,500. अधिक ताकद हवी असेल तर अधिक वाट पाहा, असा तो हिशेब होता.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. योद्धा व्हायचे की मांत्रिक, हे खेळणारा स्वतः ठरवतो. परंतु त्याच नियमांत दुसरी एक वर्गवारी होती, ती वंशाची : माणूस, यक्षांसारखे दीर्घायुषी 'एल्फ', डोंगराच्या पोटात राहणारे बुटके 'ड्वार्फ'. ड्वार्फला फक्त योद्धा होता येई, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंत. माणसाला मात्र अशी मर्यादा नव्हती. कारण विचारले तर पुन्हा तेच उत्तर : संतुलन. ड्वार्फला जन्मतः काही खास गुण मिळाले आहेत, म्हणून वरचे छप्पर ठेंगणे. 1978 च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीलाही पुरुषापेक्षा कमी कमाल मर्यादा घातली होती. 1981 च्या आवृत्तीत तर 'ड्वार्फ' हाच एक क्लास झाला. जन्म आणि व्यवसाय एकच.

मराठी वाचकाला इथे काही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जन्माने काम ठरायचे, कामाने वर चढण्याची सीमा ठरायची, आणि हे सारे समाजाचा तोल राखण्यासाठी आहे असे सांगायचे, ही मांडणी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या न झालेल्या भाषणात, म्हणजे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, श्रमविभागणीच्या या समर्थनाचे उत्तर दिले आहे : जातीत कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी होते, आणि तीही एकाखाली एक अशी. खेळाच्या निर्मात्यांच्या मनात आपली समाजरचना असण्याचे कारण नव्हते. ते युद्धाच्या पटावरून आले होते. त्या पटावर सैनिकाचा प्रकार एकदा ठरला की ठरला. पण आमच्या इमारतीतल्या मुलीचा कान चुकला नव्हता.

पुढच्या दुरुस्त्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने वंशावरची छपरे काढली आणि सर्वांना अनुभवगुणांचा एकच तक्ता दिला. पण त्यातही पुढच्या पायऱ्यांवर मांत्रिक इतका भारी होई की योद्धा नुसता बघत राही. म्हणून 2008 च्या चौथ्या आवृत्तीने सर्व क्लासना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या : काही केव्हाही वापरायच्या, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा तोल बराच साधला. तरीही अनेक खेळणाऱ्यांची तक्रार आली की सगळे क्लास एकाच चवीचे झाले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने वेगळेपण पुन्हा आणले. 2024 मध्ये 'वंश' हा शब्दही बदलला.

उतरंड नको म्हणून सगळे सारखे करावे, तर गोष्ट बेचव होते. वेगळेपण ठेवावे, तर उतरंड मागच्या दाराने येते. यातून वाट आहे का? माझ्या मते ती सिंधुदुर्गाच्या दशावतारात दिसते. वसई-विरार पट्ट्यात तळकोकणातून आलेली कुटुंबे पुष्कळ असल्याने ती रात्रभराची नाटके इथल्या रसिकांना परकी नाहीत.

दशावताराला परंपरेने लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी मंडळाचा प्रमुख आख्यान कोणते ते सांगतो, पार्ट वाटून देतो. संवाद नटाने रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे. मागे पायपेटी, पखवाज, झांज. पुढे सिंहासनापासून पर्वतापर्यंत सगळे काही होणारे एक बाकडे. विरारच्या टेबलाभोवती चालते त्याच्याशी हे फार जवळचे आहे. राजपार्ट, खलपार्ट, स्त्रीपार्ट, नारद : हे दशावताराचे 'क्लास'च. ते समान बळाचे नाहीत. राक्षस शेवटी मरणार, हे पुराणाने आधीच ठरवले आहे. तरीही खलपार्ट करणारा नट दुय्यम ठरत नाही, कारण त्याच्या प्रवेशाशिवाय आख्यान पुढे सरकत नाही. पूर्वरंगातला संकासुर पाहा. काळ्या वेशातला हा वेदांचा चोर विष्णूच्या हातून मरतो. पण देव आणि राजे ग्रंथातली मराठी बोलत असताना मालवणीत बोलण्याचा आणि भटजीची फिरकी घेण्याचा हक्क त्याचा. बळ विष्णूचे, हशा संकासुराचा. हिशेब आकड्यांत बसत नाही, पण तोल आहे.

दशावतार निर्दोष आहे असे नाही. परंपरेने स्त्रीपार्टही पुरुषच करत आले. बाईला ना राजपार्ट मिळाला ना स्वतःचा. शिवाय तिथे शेवट ठरलेला असतो, तर फाशाच्या खेळात शेवट मोकळा असल्याने आकड्यांचे काम टळत नाही. म्हणून नियमकर्त्यांचे गणित निरर्थक नाही. ते अपुरे आहे, एवढेच. कोणता क्लास किती घाव घालतो याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : गोष्टीची अशी कोणती गाठ आहे, जी फक्त यालाच सोडवता येते?

आणि दुसरे म्हणजे, पार्ट उतरवता येतो. पहाटे मुकुट पेटाऱ्यात जातो आणि रात्रीचा राजा आपल्या शेताकडे चालू लागतो. उद्या प्रमुख त्याला राक्षस करील. जात अशी पेटाऱ्यात ठेवता येत नाही; तिची आणि पार्टाची वाट इथे वेगळी होते. जे संतुलन पार्टांमध्ये साधते ते न्यायाचे असू शकते. जे जन्मावर बेतलेले आहे त्याला संतुलन म्हणणे ही फसवणूक आहे, मग ते नियमपुस्तकात असो की गावात.

त्या मुलीला मी 'पार्ट' हा शब्द सुचवला. तिने तो दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. "मग माझा पार्ट चोराचा," ती म्हणाली, आणि फासा उचलला.