रक्ताचा थेंब आणि विसरलेला छेद

'सिरिंज नको, बोटावरचा एक थेंब पुरे!' अशा मथळ्यांचे लेख अधूनमधून वाचनात येतात. थेरॅनॉस या अमेरिकन कंपनीने हेच सांगून प्रचंड भांडवल जमवले. 2015 मध्ये तिचे दावे उघडे पडले आणि 2018 मध्ये ती बंद झाली. मग दुसऱ्या टोकाचे लेख आले : थेंबाची तपासणी म्हणजे निव्वळ बनवाबनवी. तेही खरे नव्हे. अर्भकाच्या टाचेतील रक्त गाळणकागदावर टिपून करावयाची चाचणी रॉबर्ट गथ्री यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केली, आणि नवजात बालकांच्या तपासणीसाठी असे डाग आजही घेतले जातात. आमची तक्रार वेगळी आहे. थेंबात रक्त किती, हा प्रश्न दोन्ही प्रकारचे लेखक विचारीत नाहीत.

टॅक्रोलिमसचे उदाहरण घेऊ. रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून हे औषध देतात. रक्तात त्याची पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला 5 ते 15 नॅनोग्रॅम राखतात. कमी पडले तर मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका, जास्त झाले तर त्याच मूत्रपिंडाला औषधाची इजा. म्हणून तपासणी वारंवार करावी लागते. रुग्णाने घरीच बोट टोचून, वाळलेला डाग टपालाने धाडावा, ही सोय खरोखर मोठी आहे.

प्रयोगशाळेत त्या डागातून 3 मिलिमीटर व्यासाची चकती कापतात. तीत रक्त असते सुमारे 3 मायक्रोलिटर. पातळी 5 असेल तर औषध भरते अवघे 0.015 नॅनोग्रॅम! वस्तुमान-वर्णपटमापी तेवढेही मोजतो आणि लेखकांचे सारे कौतुक येथेच संपते. पण पातळी हा अपूर्णांक आहे. यंत्र मोजते तो अंश. छेद, म्हणजे चकतीतील रक्त, गृहीत धरलेला असतो. तांबड्या पेशी कमी असलेले रक्त पातळ असते. ते कागदावर अधिक पसरते आणि चकतीत कमी येते. साहजिकच पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. रोपणाच्या रुग्णांत रक्तक्षय तर नेहमीचाच. तो आकडा पाहून डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तर इजा होईल ती ज्याला वाचवायचे त्या मूत्रपिंडालाच.

वर्गात हे सहज दाखवता येईल. शाई घातलेले साधे पाणी आणि तितकीच शाई घातलेले डिंकाचे दाट पाणी सिरिंजने सारख्याच मापाने गाळणकागदावर सोडावे. डाग वाळल्यावर कागदांना भोके पाडण्याच्या पंचने चकत्या काढून रंग ताडून पाहावेत.

उपायही निघाले आहेत. रक्त दाट असो वा पातळ, ठरावीक 10 मायक्रोलिटरच शोषणारी टोके मिळतात. (त्यांपैकी एका उत्पादनाचे नाव चक्क 'मित्रा' आहे.) डागातील पोटॅशियम मोजून पेशींच्या प्रमाणाचा अंदाजही घेता येतो. मात्र छेद सुधारला तरी अंशात भेसळ होऊ शकते. बोट फार दाबले तर ऊतींतील द्रव थेंबात मिसळतो. टॅक्रोलिमसची कॅप्सूल हाताळलेल्या बोटावर औषधाचा न दिसणारा कण राहिला, तर 0.015 नॅनोग्रॅमपुढे तो डोंगराएवढा ठरतो. टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, ही साधी सूचना आम्ही वाचलेल्या लेखांत तरी कोठे आढळली नाही.