वईवरची कळलावी

फुलाचे वय रंगावरून वाचावे, तर ते कळलावीचे. कळी फिकट हिरवी, मान खाली घातलेली. उमलू लागली की सहाही पाकळ्या मागे वळून थेट आभाळाकडे उभ्या राहतात, कडा मुरडलेल्या. आधी बुडाशी पिवळा आणि टोकाला तांबडा, मग तो तांबडा टोकाकडून बुडाकडे उतरत जातो आणि शेवटी सगळे फूल गडद लाल होते. वेलावर खालची फुले आधी उमलतात, वरची मागून. त्यामुळे एकाच वेलावर हिरव्यापासून लालपर्यंतचा सगळा प्रवास एका वेळी दिसतो.

जव्हार-मोखाड्याकडे हा सोहळा पावसाळ्यातला. नाचणी-वरईच्या लावणीच्या दिवसांत डोंगरउतारावरून जाताना झुडपांतून, वईच्या काट्यांतून ही फुले डोके काढतात. कोणी खड्यानाग म्हणते, कोणी अग्निशिखा.

रंगाने भुललेली नजर थोडी खाली आणावी. पाकळ्या वर गेल्यामुळे फुलाचे पोट उघडे पडलेले असते, आणि खरी कारागिरी तिथे आहे. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूकडे आडवे पसरतात. स्त्रीकेसराची दांडी मात्र बीजकोशापाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते. आपल्याच परागांपासून तिने राखलेले हे अंतर आहे. मध पाकळ्यांच्या बुडाशी, त्यामुळे मधासाठी आलेल्या मोठ्या फुलपाखराचे पंख या आडव्या पुंकेसरांना घासतात आणि पराग पंखांवर बसून दुसऱ्या फुलाकडे जातात. ज्या वळणाला आपण डौल म्हणतो, त्याच्यावर या वेलाचा वंश उभा आहे.

पानही असेच बघण्याजोगे. आधाराला धरायला या वेलाला वेगळे तणावे नाहीत. पानाचे टोकच लांबते, वळते आणि भेटेल त्या काडीला विळखा घालते. ज्या अवयवाने अन्न करायचे त्यानेच चढायचेही, ही काटकसर मला फुलाहून कमी सुंदर वाटत नाही.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर. हवा थंडावलेली, माती उताराची, म्हणून घराभोवती बाग करणाऱ्याला विलायती चित्रांतली बहुवर्षायू पॉपी हवीशी वाटते. ती इच्छा मी समजू शकतो. कागद चुरगळून कळीत कोंबावा तशा घड्या घेऊन ती पाकळी उलगडते, तळाशी काळा डाग असतो, वाटी तळहाताएवढी. पण तिचे माहेर कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान आणि उत्तर इराण. तिला कडक हिवाळा लागतो, फुलून झाल्यावर उन्हाळ्यात ती पाने टाकून झोपते आणि तेव्हा तिच्या खोल सोटमुळाला कोरडी जमीन लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ ओतत असते. आभाळाकडे उघडलेली ती वाटी आणि ते सोटमूळ, दोन्ही इथे कुजतील. हिवाळ्यात बी टाकून येते ती पॉपी एका मोसमाची. पॉपीच्याच कुळातला पिवळा धोत्रा रस्त्याकडेला हवा तितका माजतो, पण तोही वर्षायू. अफूच्या पॉपीचे तर नावच नको, परवान्याशिवाय तिची लागवड गुन्हा आहे.

कळलावीही झोपते, पण तिच्या झोपेचे वेळापत्रक इथल्या आभाळाशी जुळलेले आहे. पाऊस ओसरला की वेल पिवळा पडून वाळतो. थंडी आणि सगळा उन्हाळा तिचा कंद जमिनीखाली काढतो आणि मृगाच्या आगेमागे वर कोंब येतो. पॉपीकडून बागेला जे हवे असते, दरवर्षी परतणारे, ज्वाळेच्या रंगाचे, काही आठवडे सगळ्यांच्या नजरा ओढून घेणारे फूल, ते इथल्या मातीने आधीच देऊन ठेवले आहे.

तिचे विषही सांगितले पाहिजे. वेलाच्या सर्व भागांत, कंदात आणि बियांत विशेष, कोल्चिसिन असते. कंद पोटात गेल्यास माणूस दगावू शकतो. हेच द्रव्य अतिशय मोजक्या मात्रेत गाऊटवरचे औषध होते आणि 1937 मध्ये त्याने वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करता येतात हे कळल्यावर नवी वाणे घडवणाऱ्यांच्या हाती मोठे साधन आले. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते, आणि तिचे फूल तिथले राज्यफूलही आहे. लहान मूल किंवा गुरे मोकळी फिरत असतील, तर मात्र हा वेल परसात लावू नये.

लावायची असेल त्याने पाऊस लागण्याआधी कंद आडवा पुरावा. दोन भुजांच्या या कंदाला डोळा भुजेच्या टोकाशी असतो आणि तो ठिसूळ. टोक मोडले की तिकडून कोंब येत नाही, म्हणून कंद उचलताना भुजा दाबू नयेत. पाणी तुंबेल तिथे लावू नये, हाताशी काटक्यांची वई किंवा एखादे झुडूप असावे, आणि कंद हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. एवढे झाले की वेलाला बाकी काही मागायचे नसते. कंद मात्र डोंगरावरून उपटून आणू नये. औषधासाठी कंद खोदून नेल्याने ती अनेक ठिकाणी आधीच विरळ झाली आहे. वाळलेला बीजकोश तडकला की आत शेंदरी बिया दिसतात, त्या घ्याव्यात. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात, तेवढी वाट बघावी.