एस्केपच्या खालचं बटण

मध्यंतरी मामेभावाचा मेसेज आला. "ताई, स्कायरिम खेळायचंय. पीसी घेऊ की कन्सोल?" पहिल्या नोकरीतून वर्षभर पैसे बाजूला टाकून तो एकच मोठी खरेदी करणार आहे, त्यामुळे प्रश्न त्याच्यासाठी गंभीर. यूट्यूबवर त्याने आधीच बरंच काही पाहिलेलं होतं. ग्राफिक्स हवेत तर पीसी, कटकट नको तर कन्सोल. एफपीएस इतके, रॅम इतकी, सेलमध्ये गेम इतक्याला. ही उत्तरं चूक नाहीत. पण कादंबरी कशी आहे विचारल्यावर कागद किती जीएसएमचा आहे ते सांगावं, तसं काहीसं ते आहे.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. माझं म्हणणं असं की पीसीवरचा स्कायरिम आणि कन्सोलवरचा स्कायरिम या एकाच कलाकृतीच्या दोन प्रती नाहीत. त्या खेळणाऱ्याकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात. अशा खेळांना 'रोल-प्लेइंग' म्हणतात. मराठीत रोल म्हणजे भूमिका, आणि आपल्याकडे भूमिका दोन प्रकारची असते. एक आपण करतो, रंगमंचावर. दुसरी आपण घेतो, वादात. कन्सोल तुम्हाला भूमिका करायला लावतो, पीसी भूमिका घ्यायला लावतो. सगळा फरक मला इथे दिसतो.

हा फरक आजचा नाही. १९८१ साली अमेरिकेत 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे दोन खेळ घरगुती संगणकावर आले. संगणकाला कीबोर्ड होता, म्हणून अल्टिमाने जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक काम दिलं. हल्ला करायला एक अक्षर, जहाजावर चढायला दुसरं, दार उघडायला तिसरं. खेळणाऱ्याने ते सगळं पाठ करायचं, नकाशे स्वतः कागदावर काढायचे. जपानमध्ये युजी होरी या लेखकाला हे दोन्ही खेळ फार आवडले. त्याला तसा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आणायचा होता, पण फॅमिकॉमच्या हातातल्या कंट्रोलरवर दिशांची फुली आणि मोजून चार बटणं. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला तेव्हा त्यात अक्षरं नव्हती. पडद्यावर आठ आज्ञांची एक छोटी यादी उघडायची, त्यातली एक निवडायची. बोल, शोध, दार, जिना. हो, जिना चढायलासुद्धा वेगळी आज्ञा होती.

वरवर पाहता ही काटछाट. पण बटणं कमी झाली तशी खेळणाऱ्याची नजर यंत्रावरून उठून गोष्टीकडे गेली. ड्रॅगन क्वेस्टमध्ये एकच नायक, एकच राजकन्या, एकच खलनायक. त्या साधेपणातून जपानी आरपीजीची अख्खी परंपरा उभी राहिली, जिथे गोष्ट लेखक सांगतो आणि आपण तिच्यातून चालत जातो. पाश्चात्त्य पीसी आरपीजी दुसऱ्या वाटेने गेली. तिथे लेखक जग मांडून ठेवतो आणि गोष्ट आपण करायची. एका साहित्यप्रकाराचे दोन फाटे फुटले, आणि त्यामागचं एक कारण हातात किती बटणं आहेत इतकं साधं होतं.

त्या पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये खेळ साठवायची सोय नव्हती. थांबायचं असेल तर राजा तुम्हाला वीस जपानी अक्षरांचा मंत्र द्यायचा, पाच-सात-पाच-तीन अशा मांडणीत. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की तुमचा नायक गेला. आज हे हास्यास्पद वाटतं. पण त्या गैरसोयीतून मुलांना एक गोष्ट कळत होती: या जगात जे घडलं त्याला किंमत आहे, आणि ते आपण जपलं नाही तर राहणार नाही.

आता स्कायरिमकडे येते. 'एल्डर स्क्रोल्स' ही मालिका १९९४ साली डॉसवर सुरू झाली, म्हणजे तिचं मूळ घर पीसी. पण पाचवा भाग, स्कायरिम, ११ नोव्हेंबर २०११ रोजी पीसी, एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर एकाच दिवशी आला, आणि त्याची अंगकाठी कन्सोलच्या मापाची होती. त्यातल्या याद्या पाहा. मोठी अक्षरं, एका वेळी मोजक्या ओळी, उरलेल्या पडद्यावर तलवारीचं फिरतं चित्र. सोफ्यावर बसून लांबच्या टीव्हीकडे पाहणाऱ्यासाठी ते सुंदर आहे. टेबलाशी हातभर अंतरावर, माउस हातात घेऊन बसलेल्यासाठी वैताग. पीसीवाल्यांनी काय केलं? वाट पाहिली नाही. स्काययूआय नावाचा मॉड बनवला, ज्यात वजन, किंमत, धार असे रकाने असलेलं तक्तेवजा कोष्टक येतं. मूळ खेळातल्या चुका दुरुस्त करणारे अनधिकृत पॅचही खेळाडूंनीच लिहिले. फेब्रुवारी २०१२ मध्ये बेथेस्डाने क्रिएशन किट हे साधन पीसीवाल्यांना खुलं केलं आणि हजारो मॉड्सचा पूर आला. झाडं दाट करणारे, नवी गावं वसवणारे, ड्रॅगनच्या जागी थॉमस नावाचं कार्टूनमधलं आगगाडीचं इंजिन उडवणारे.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते. माझ्याकडे अभ्यासासाठी घेतलेला पीसी होता. रूममेटकडे तिच्या भावाने दुबईहून आणलेला एक्सबॉक्स. एकाच खोलीत, दोन भिंतींना तोंड करून आम्ही दोघी तोच खेळ खेळत होतो.

स्कायरिममध्ये पहिला ड्रॅगन मारल्यावर व्हाइटरन शहराचा सरदार तुम्हाला एक अंगरक्षक देतो. तिचं नाव लिडिया. ती तुमच्यामागून चालते, तुमचं ओझं वाहते, ते वाहताना किंचित कुरकुरते. तिला फार संवाद नाहीत. तरी तीस-चाळीस तास कोणी सोबत चाललं की ते आपलं होतं. एका रात्री रूममेटची लिडिया एका गुहेत मेली. रूममेट गप्प बसली. मागची सेव्ह फाइल उघडता आली असती, पण ती तासाभरापूर्वीची होती आणि त्या तासात बरंच काही घडून गेलं होतं. शेवटी तिने लिडियाचं चिलखत आणि ढाल उचलली, बाकी सामान टाकून दिलं कारण वजन पेलत नव्हतं, आणि चालत व्हाइटरनला जाऊन ती ढाल घरातल्या पेटीत ठेवली. पुढे तिने दुसरा सोबती घेतला नाही. खेळाने तिला असं काही करायला सांगितलं नव्हतं. तिने भूमिका केली.

माझी लिडियाही मेली, दोन दिवसांनी. पीसीच्या कीबोर्डवर एस्केपच्या खाली एक बटण असतं. ते दाबलं की स्कायरिम थांबतो आणि आज्ञा लिहायची एक खिडकी उघडते. गंमत म्हणजे तिचं नाव 'कन्सोल'. मी ती उघडली, लिडियाच्या प्रेतावर क्लिक केलं, 'रिझरेक्ट' असं टाइप केलं. ती उठून उभी राहिली आणि काही झालंच नाही अशी मागून चालू लागली.

मला वाटलं मी जिंकले. आठवडाभराने लक्षात आलं की आता तिच्याकडे माझं लक्षच जात नाही. मग वजनाची मर्यादा काढली, कारण ती आज्ञाही माहीत होती. मग भिंतीतून चालत गेले. मॉड्सची संख्या शंभराच्या वर गेली. मी खेळत कमी होते आणि कोणता मॉड कोणत्या मॉडच्या आधी लोड व्हावा ते लावत जास्त होते. शेवटी माझ्याच उद्योगांनी सेव्ह फाइल उघडेनाशी झाली. रूममेटने मुख्य कथा पूर्ण केली. मी आजतागायत केलेली नाही.

इथे थांबले असते तर हा लेख कन्सोलची तरफदारी ठरला असता: मर्यादा असेल तरच भूमिका खरी, नाटकातल्या राजाला विंगेत जाऊन संहिता बदलता आली तर शोकांतिका कसली, वगैरे. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं प्लेस्टेशन ३ च्या कहाणीत आहे.

त्या यंत्रात ५१२ एमबी मेमरी होती, पण दोन वेगळ्या कप्प्यांत, २५६ अधिक २५६. एक्सबॉक्स ३६० मध्ये तितकीच मेमरी एकत्र होती. स्कायरिम तुमचं बरंच काही लक्षात ठेवतो. कुठला डाकू मारला, कुठली पेटी रिकामी केली, कुठे चीजचा गोळा टाकला. खेळ जितका पुढे जाई तितकी ही आठवण वाढे, आणि प्लेस्टेशन ३ वर अनेकांचा खेळ मग अडखळू लागे, इतका की चालणं अशक्य व्हावं. म्हणजे ज्याने त्या जगावर सर्वात जास्त प्रेम केलं त्यालाच सर्वात मोठी शिक्षा. पॅच येत राहिले, पण ते कंपनीकडून येतील तेव्हाच. 'डॉनगार्ड' ही पुढची कथा एक्सबॉक्सवर जून २०१२ मध्ये आली, पीसीवर ऑगस्टमध्ये आणि प्लेस्टेशन ३ वर थेट फेब्रुवारी २०१३ मध्ये. तोवर तिथल्या खेळाडूच्या हातात एकच गोष्ट होती, वाट पाहणं. जी मर्यादा लेखकाने विचार करून घातली ती कलेचा भाग. जी कंपन्यांच्या वेळापत्रकातून आली ती नव्हे. कन्सोलवर या दोन्ही एकाच बंद डब्यात येतात, आणि डबा उघडायची परवानगी तुम्हाला नसते.

पीसीवाले मात्र भूमिका घेतात. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकत द्यायची योजना आली. खेळाडू इतके खवळले की काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. निक पिअर्स या ऑस्ट्रेलियन माणसाने स्कायरिममध्ये 'द फरगॉटन सिटी' नावाचा मॉड लिहिला, त्याला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला. वाचक लेखक झाला. २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्ये कन्सोललाही मॉड मिळाले, पण प्लेस्टेशन ४ वर बाहेरून आणलेलं चित्र किंवा आवाज चालत नव्हता. मूळ खेळात जे होतं त्याचीच फेरमांडणी करायची. म्हणजे शब्द आमचेच वापरा, वाक्य तुमचं करा.

आणि जास्त ताकद म्हणजे जास्त चांगला अनुभव, हे तर मुळीच खरं नाही. स्कायरिमची पदार्थांची हालचाल फ्रेमरेटशी बांधलेली आहे. दणकट पीसीवर साठ फ्रेम्सची मर्यादा काढून टाका आणि खेळ सुरू करा. सुरुवातीलाच तुम्ही कैदी म्हणून एका घोडागाडीत बसलेले असता, वधस्थानाकडे निघालेले. ती गाडी उड्या मारू लागते, भिरभिरते. मरणाला सामोरं जाण्याचा प्रसंग तमाशा होतो. खर्च केलेल्या पैशांनी खेळाचं पहिलंच वाक्य मोडतं.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, जी स्पेसिफिकेशनच्या यादीत नसते. पीसी अभ्यासाच्या नावाखाली येतो. त्यावर खेळणं चोरून असतं, कोपऱ्यात, घराकडे पाठ करून. कन्सोल टीव्हीला लागतो, म्हणजे हॉलमध्ये, म्हणजे आजीच्या मालिकेची वेळ सोडून. तो फक्त खेळासाठीच असतो, त्यामुळे त्याचं समर्थन द्यावं लागतं. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. इतके पैसे 'नुसत्या खेळण्यासाठी' खर्च करते असं घरात उघड म्हणणं, हीही एक भूमिका घेणंच आहे. मला ते कधी जमलं नाही. मुलगी असून गेम खेळते हे लपवायला अभ्यासाचा पीसी फार सोयीचा होता. त्या लपवण्यामुळे मी खेळाला कधी पूर्ण वेळ, पूर्ण लक्ष दिलं नाही, असंही आता वाटतं. लिडिया परत उठवली ती कदाचित यामुळेच. कोणी पाहत नव्हतं.

मामेभावाला शेवटी मी इतकंच लिहिलं: "पीसी घे. तुला उद्या त्यात काही बदलावंसं वाटेल, तेव्हा हात बांधलेले नकोत. पण पहिल्यांदा खेळशील तेव्हा कंट्रोलर लाव, मॉड एकही टाकू नको, आणि एस्केपच्या खालचं बटण दाबू नको."

त्याने विचारलं, "का? काय होतं दाबल्यावर?"

मी लिहिलं, "काहीच होत नाही. आणि मग पुढेही काहीच होत नाही."