दकार्गलाचे सुटे उतारे : एक परीक्षण

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गल नामक अध्याय संग्राहकांस सुपरिचित आहे. भूमीच्या पोटांतील पाणी कोठें व किती खोल लागेल, हें झाडें, वारुळें, माती व पाषाण यांवरून ताडण्याचें शास्त्र त्यांत सुमारें सव्वाशें श्लोकांत सांगितलें आहे. अवर्षणाचें वर्ष आलें कीं या अध्यायाची आठवण होते, आणि त्याचे दोन-चार पानांचे सुटे उतारे हातोहात फिरूं लागतात. अशा कांहीं उताऱ्यांचें वाचन आम्हीं कर्न यांची आवृत्ति व सुधाकर द्विवेदी यांनीं भटोत्पलाच्या टीकेसह काशी येथें १८९५-९७ मध्यें प्रसिद्ध केलेली आवृत्ति यांशीं ताडून केलें. ग्रंथ मोलाचा आहे. उतारे मात्र घातक आहेत, असें आमचें मत झालें आहे.

उताऱ्यांत झाड, दिशा व खोली एवढेंच राहतें. उंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर, अडीच पुरुष खोल, गोड पाण्याची शिरा; इत्यादि. गळतें तें तीन प्रकारचें. पहिलें माप. पुरुष म्हणजे हात वर केलेला मनुष्य, एकशें वीस अंगुळें, अर्थात् पांच हात, असें भटोत्पल स्पष्ट सांगतो. टीका हाताशीं नसलेला वाचक पुरुष चार हातांचा धरतो, आणि त्याचें माप साडेबारा हातांऐवजीं दहा हातांवरच संपतें. दुसरें, खोदतांना वाटेंत पटावयाच्या खुणा. वेतसाच्या प्रकरणीं अर्ध्या पुरुषावर फिकट बेडूक, मग पिवळी माती, मग पापुद्र्यांनीं फुटणारा पाषाण, अशी क्रमवार साखळी दिली आहे. ही साखळी जुळली नाहीं तर कुदळ थांबवावी, हा तिचा उपयोग उघड आहे. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे देशभेद. मरुदेशाचीं चिन्हें जांगलभूमींत लावूं नयेत, आणि जांभूळ, वेतस आदिकरून पूर्वीं सांगितलेलीं मापें मरुदेशांत दुप्पट धरावीं, असें ग्रंथकारानें स्वतः बजाविलें आहे. आम्हीं पाहिलेल्या एकाही उताऱ्यांत ही आर्या नाहीं.

हा दोष केवळ पाठशुद्धीचा असता तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, शाळेंत अध्यापन करीत असतां, पावसानें लागोपाठ दुसऱ्या वर्षीं दगा दिला तेव्हां गांवांतील एक शेतकरी "गुरुजी, पोथींत पाण्याचें कांहीं आहे का?" असें विचारीत आमच्याकडे आला. आमच्यापाशीं असाच एक उतारा होता. त्याच्या बांधावर उंबर होतें. आम्हीं हातानें मोजून जागा दाखविली. दहा हातांच्या आंतच काळा खडक लागला. उंबराच्या प्रकरणीं अंजनासारखा पाषाण सांगितला असल्यानें लक्षण पटलें, या हर्षांत आम्हीं त्यास आणखी खोदण्याचा आग्रह केला. खडक कोरडाच निघाला. त्या उन्हाळ्यांत त्यानें बैलजोडी विकली. आम्हांस मात्र एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं.

दख्खनच्या पठारावर काळा पाषाण कोठें नाहीं? जें चिन्ह सर्वत्र आढळतें तें लक्षणच नव्हे. नैयायिक याच दोषास अतिव्याप्ति म्हणतात. आमचा खडक लाव्हारसाच्या थरांचा. पाणी त्याच्या कुजलेल्या मुरुमांत, भेगांत व सच्छिद्र थरांत राहतें. अखंड कातळांत राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, वराहमिहिराची अवंती याच काळ्या खडकावर वसलेली आहे, मग त्याचें वचन येथें कां लागूं नये? उत्तर ग्रंथांतच आहे. सारस्वत मुनीचें दकार्गल पाहून आपण या आर्या रचिल्या, आणि पुढें मनूचें मत निराळ्या वृत्तांत सांगतों, असें तो प्रांजळपणें लिहितो. म्हणजे हा संग्रह आहे. कोणतें चिन्ह कोणत्या भूमींत प्रथम पाहिलें गेलें, हें सारस्वताच्या ग्रंथावांचून ठरवितां येत नाहीं. शके ४२७ हें ज्याच्या गणिताचें आरंभवर्ष, तो ग्रंथकार आपली मर्यादा सांगतो, आणि आजचा उतारा करणारा ती गाळतो, हें शोचनीय आहे.

अध्यायाच्या अखेरीचा भाग उतारे करणारे सहसा घेतच नाहींत. वास्तविक तोच अधिक भरंवशाचा आहे. तळें पूर्वपश्चिम लांब असावें, दक्षिणोत्तर तळ्याची पाळ वाऱ्याच्या लाटांनीं फुटते. पाळीवर अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ लावावे. जादा पाणी जाण्यास एका बाजूस दगडी वाट ठेवावी. येथें शकुन नाहीं, अनुभव आहे.

तथापि मिळालेलें पाणी टंचाईंत वांटावें कसें, याविषयीं दकार्गल मौन आहे. तें ज्ञान आमच्याकडे वहिवाटींत राहिलें. खानदेशांत पांझरा नदीच्या बंधाऱ्यांखालीं जमिनीचे फड पाडून एका फडांत एकच पीक घेत. पाणी थोडें असेल त्या वर्षीं कांहीं फड कोरडे ठेवीत. आणि खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत असल्यानें तोटा एकट्याच्या माथीं येत नसे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. दकार्गलाचा उतारा कोणास द्यावयाचा झाल्यास टीकेसह व देशभेदाच्या आर्येसह द्यावा, नाहीं तर देऊं नये. आणि जुन्या दप्तरांत पाण्याच्या पाळीचा, पाटाच्या दुरुस्तीचा वा बंधाऱ्याच्या तंट्याचा एखादा मळका कागद हातीं आला, तर सनदेच्या शोधांत तो बाजूस टाकूं नये. पोथीच्या अर्धवट पानानें एका घरची बैलजोडी गेलेली आम्हीं पाहिली आहे. अशा कागदांतील रीतीनें कित्येक गांवें दुष्काळांत तगलीं आहेत.