‘कौशल्य’ म्हणजे फक्त नेम?

पोलिसांच्या शस्त्रप्रशिक्षणाचा विषय निघाला की आपण 26/11 नंतरच्या राम प्रधान समितीकडे वळतो. गोळ्यांच्या तुटवड्यामुळे सराव होत नव्हता, हे तिनं दाखवलं. मुद्दा खराच. पण समितीसमोर दहशतवादी हल्ला होता. तीच फूटपट्टी सगळीकडे लावली की ‘कौशल्य’ म्हणजे शस्त्र, गोळ्या आणि नेम एवढंच उरतं.

आता ती जासईला लावून बघा. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या शेतकऱ्यांवर 16 आणि 17 जानेवारी 1984 ला या भागात गोळीबार झाला. पाच जण गेले. तिथे जास्त सरावानं काय साधलं असतं? नेम अजून अचूक लागला असता, बस्स!

संयुक्त राष्ट्रांची 1990 ची तत्त्वं इथे जास्त उपयोगी पडतात. जमावाचं वर्तन ओळखणं, समजूत काढणं, वाटाघाट करणं, हेसुद्धा ती पोलीस प्रशिक्षणातच धरतात. अडचण मोजमापाची आहे. पुठ्ठ्यावरची भोकं मोजता येतात, न झाडलेली गोळी कुठल्याच नोंदवहीत येत नाही. म्हणून परीक्षेत ‘झाडू नका’ हे उत्तर बरोबर असलेले प्रसंगही हवेत, आणि त्यांना गुणही हवेत.