वजनकाट्याने वाचलेली फाईल

रुग्णाची फाईल हाही एक मजकूरच. वाचणारा त्यात स्वतःचं काहीतरी भरतो. कथेत त्याने फारसं बिघडत नाही, उपचारात बिघडतं. हे दाखवणारा मी वाचलेला सगळ्यात चोख पुरावा म्हणजे रेबेका पुल आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा शोधनिबंध. अमेरिकन डायटेटिक असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापून आला होता.

प्रयोग साधा आहे. आहारशास्त्र शिकणाऱ्या १८२ विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला चार काल्पनिक रुग्णांपैकी कुठल्यातरी एकाची माहिती वाचायला दिली. रुग्ण पुरुष की बाई, लठ्ठ की नाही, फरक एवढ्यावरच बेतलेला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ए/बी टेस्ट म्हणतो: एक गोष्ट बदला, बाकीचं जसंच्या तसं ठेवा, मग निकाल कशामुळे बदलला यावर मीटिंगमध्ये भांडण होत नाही. इथे निकाल बदलला. लठ्ठ रुग्णाचा आहार जास्त वाईट, तब्येत जास्त वाईट, आणि सांगितलेलं तो पाळण्याची शक्यता कमी, असं विद्यार्थ्यांना वाटलं. खरं तर आहाराची आणि तब्येतीची माहिती दोघांची सारखीच होती. लिहिलेलं बाजूला ठेवून त्यांनी न लिहिलेलं वाचलं.

मी अडकलो तो ‘पाळणार नाही’ वर. तब्येतीचा चुकलेला अंदाज रक्ताचा रिपोर्ट दुरुस्त करतो. स्वभावाचा अंदाज कोण दुरुस्त करणार?

माझी आतेबहीण पीसीओडीसाठी एका डाएटिशियनकडे गेली होती. भाकऱ्या किती, भात किती वाट्या, चहात साखर किती, सगळं तीन आठवडे वहीत लिहिलेलं. मॅडमनी वही चाळली आणि विचारलं, “बाहेरचं कुठे लिहिलंय?” बाहेरचं खाल्लंच नव्हतं. “राहिलं असेल लिहायचं,” त्या हसून म्हणाल्या. ती परत गेली नाही. तिच्या फाईलवर ‘फॉलो-अपला आली नाही’ असा शेरा पडला असणार. म्हणजे अंदाज खरा ठरला, आणि तो खरा कोणी केला हे फाईलमध्ये कुठेच नाही.

पुल यांचा प्रयोग याच्या अलीकडे थांबतो. कागदावरचा रुग्ण दुखावत नाही, उठून जात नाही. शिवाय वाचणारे विद्यार्थी होते, दिवसाला वीस रुग्ण तपासून थकलेले डाएटिशियन नव्हेत. ही निबंधाची मर्यादा. पण त्यामुळे मला तो कमी नाही, जास्तच काळजीचा वाटतो. प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच वाचायची सवय लागलेली आहे.

त्याच्या शेजारी मला एक फोटो लावावासा वाटतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, काट्यालाही नाही. भारतीयांसाठी ‘जास्त वजना’ची रेषा २५ वरून २३ वर आली, त्यामागे अशीच निरीक्षणं आहेत. पण रेषा सरकवली म्हणून वाचन सुधारत नाही. शिक्का बसलेल्यांची संख्या तेवढी वाढते. बीएमआय मुळात क्वेतले या बेल्जियन गणितज्ञाने १९व्या शतकात ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडलेलं गुणोत्तर. गर्दी मोजायला ठीक आहे. समोर बसलेल्या एका बाईचा खरेपणा त्याने मोजता येत नाही.

आणि पूर्वग्रहाचा फटका बारीक माणसालाही बसतोच. जाड्याला ऐकून घेतलं जात नाही, बारीकला “तुला काय झालंय?” म्हणून परत पाठवलं जातं.

म्हणून पुल यांच्या चार फायलींत मला पाचवी हवी आहे: पुण्यातला आयटीवाला, हातपाय काड्या, पोट जरासं सुटलेलं, आईवडील दोघांनाही मधुमेह. त्याला साखर तपासून यायला किती जण सांगतील?