वेताळ, वैद्य आणि वरची पायरी

परवा सकाळी चहा घेताना माझा कॉलेजात शिकणारा नातू म्हणाला, "आबा, एका भल्या माणसाला मारलं तर माझी ताकद एकदम वाढेल. मारू का?" वाळूजच्या कारखान्यांचे भोंगे ऐकण्यात माझी हयात गेली, पण चहाबरोबर असा प्रश्न कधी आला नव्हता. मग त्याच्या शेजारी बसून मी तो संगणकावरचा खेळ समजून घेतला.

'व्हॅम्पिर' हा पॅरिसच्या डोंटनॉड या संस्थेने २०१८ साली काढलेला, प्रौढांसाठीचा खेळ. काळ १९१८ चा, स्थळ लंडन. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, तीच साथ तेथे थैमान घालीत आहे. नायक डॉक्टर जोनाथन रीड हा रक्तविद्येतला तज्ज्ञ, आणि दैवाची थट्टा अशी, की तोच रक्तपिपासू पिशाच्च झालेला! वरची पायरी चढायला त्याला अनुभवाचे गुण लागतात. लढाईतून आणि रोग्यांच्या शुश्रूषेतून ते थोडेथोडे मिळतात. माणसाचे रक्त प्याल्यास एकदम पुष्कळ. त्यातही, ज्याची गुपिते ठाऊक आणि प्रकृती ठणठणीत, त्याचे रक्त अधिक मोलाचे. म्हणजे डॉक्टराने औषध द्यावे, आपुलकीने विचारपूस करावी, आणि त्याच मायेने सावज पोसावे! ही कल्पना मला विलक्षण वाटली. लोभ येथे दयेचेच कपडे घालून येतो. शिवाय गेलेला माणूस परत येत नाही, आणि त्याच्यामागे वस्तीची घडीही विस्कटत जाते.

इतके साधूनही खेळ एका ठिकाणी चुकतो. सदाचाराची किंमत तो मुख्यतः मारामारीत वसूल करतो. जो कुणाला मारीत नाही तो दुबळा राहतो आणि त्याला लढाया जड जातात. मग ज्याची बोटे चपळ त्याला पुण्य स्वस्त, ज्याची मंद त्याला महाग. नीतीची परीक्षा बोटांनी घ्यावी, हे मला पटत नाही.

याबाबतीत आपला वेताळ अधिक शहाणा. 'कथासरित्सागरा'तली त्याची कथा गोदाकाठच्या प्रतिष्ठानच्या राजाची, म्हणजे आमच्या शेजारच्या पैठणची. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे प्रत्येक योग्य निवाड्यागणिक केलेली वाटचाल फुकट! तेथे मनगटाचा जोर कामाचा नाही. न्याय करायचा आणि पुन्हा पहिल्या पावलापासून चालू लागायचे. शेवटी प्रसन्न झालेला वेताळच त्याला कपटी भिक्षूचा डाव सांगून वाचवतो.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. उमेदीच्या काळात एका कारखान्यात असताना एका सोबत्याने मला घरची अडचण विश्वासाने सांगितली होती. ती मी साहेबांच्या कानावर घातली. त्याची बढती हुकली, मला मिळाली. त्यानंतर त्याने मला कधी चहाला बोलावले नाही.

नातवाला मी हे सांगितले. तो काही बोलला नाही. त्या रात्री एकाच लढाईत तो तीनदा हरला. तो भला माणूस मात्र अजून जिवंत आहे. खेळात उणिवा आहेत खऱ्या, पण माझ्या तोंडून ही गोष्ट त्यानेच काढली, हे त्याचे ऋण मी मानतो.